मुदतीचा भागीदार

इंदूरहून खांडव्याच्या रस्त्याला लागले की काही मैलांवर सिमरोल लागते. तेथून पुढे घाट उतरून चोरल, बडवाह असे करीत रस्ता नर्मदेकडे जातो. आयआयटी इंदूरचे आवार ह्याच गावाजवळ असल्यामुळे सिमरोलचे नाव आता आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्याही कानावर असते. माझे तेथे जाणे मात्र विद्येच्या निमित्ताने झाले नाही. माझी धाकटी बहीण त्या बाजूला दिली आहे आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सिमरोलला बटाट्याचे वेफर्स, शेव आणि फरसाण पुड्यांत भरून विकण्याचा कारखाना चालवतो. माळव्याचा बटाटा ह्या कामाला चांगला. त्यात साखरेचे प्रमाण कमी असते, म्हणून तळताना वेफर काळा पडत नाही. चाळीस-पंचेचाळीस माणसे कामाला, वर्षाची उलाढाल सुमारे 20 कोटी आणि कर भरून हातात उरणारा नफा दीड कोटीच्या आसपास, असा त्याचा पसारा आहे.

गेल्या उन्हाळ्यात गेलो असता त्याने साठ-सत्तर पानांचा एक मसुदा माझ्यापुढे ठेवला. "मामा, तुम्ही तीस वर्षं कॉमर्स शिकवलंत. हे वाचा आणि सही करू की नको, ते सांगा." एक गुंतवणूक-निधी त्याच्या कारखान्यात 6 कोटी रुपये घालायला तयार होता आणि बदल्यात 25 टक्के हिस्सा मागत होता. व्याज नाही, हप्ता नाही, घर गहाण ठेवणे नाही. बहिणीने चहा ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारला : "दादा, पाच वर्षांनी पुडीवर आपलंच नाव राहील ना?"

मला त्या दिवशी दोघांनाही उत्तर देता आले नाही. कंपनी कायदा वर्गात शिकविणे वेगळे आणि आपल्या माणसाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवणे वेगळे. पुढचे आठ दिवस मी तो मसुदा आणि आजूबाजूची उदाहरणे पाहिली. त्यातून जे समजले ते येथे मांडतो. आपल्या महाविद्यालयात उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांची, दुकानदारांची आणि छोट्या कारखानदारांची मुले पुष्कळ आहेत. आज ना उद्या असा कागद त्यांच्याही घरी येईल.

हा पैसा कोणाचा?

ह्या प्रकाराला 'प्रायव्हेट इक्विटी' म्हणतात. शेअरबाजारात ज्यांची खरेदी-विक्री होत नाही अशा खाजगी कंपन्यांचे शेअर घेऊन त्यांत भांडवल घालणे, हा त्याचा साधा अर्थ. पैसा घालणारी संस्था स्वतःच्या खिशातून फारसे घालीत नाही. विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, धनिक कुटुंबे ह्यांच्याकडून ती रक्कम गोळा करते आणि त्यांच्या वतीने गुंतवते. आपल्या देशात सेबीने 2012 साली ह्यासाठी 'पर्यायी गुंतवणूक निधी' नावाची नियमावली केली. अशा निधीत साधारणपणे एका माणसाला 1 कोटीपेक्षा कमी रक्कम घालता येत नाही. म्हणजे हा पोस्टाच्या बचत-खात्याचा मामला नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली तीच आहे. त्या निधीलाही आयुष्याची मर्यादा असते, सामान्यतः आठ ते दहा वर्षे. पहिली काही वर्षे कारखाने शोधण्यात जातात आणि शेवटची काही वर्षे हिस्से विकून ज्याचे पैसे त्याला परत करण्यात जातात. मधल्या चार-पाच-सहा वर्षांत पैसा वाढला पाहिजे. निधी चालविणाऱ्यांना जमा रकमेवर वर्षाला साधारण दोन टक्के मेहनताना मिळतो आणि ठरलेल्या मर्यादेपुढच्या नफ्यातला साधारण पाचवा हिस्सा मिळतो. तेव्हा कारखाना शंभर वर्षे चालावा ही मालकाची इच्छा आणि तो सहा वर्षांत चांगल्या भावाने विकला जावा ही निधीची गरज. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात, पण त्यांची घड्याळे वेगळी असतात. आपल्याकडे भागीदार म्हटला की तो सुखदुःखात जन्मभर राहणारा असे आपण धरून चालतो. हा भागीदार मुदतीचा आहे. तो आला त्याच दिवशी त्याच्या जाण्याची तारीख, अंदाजाने का होईना, ठरलेली असते.

हिशेब मांडून पाहू

भाच्याच्या मसुद्यातले आकडे घेऊ. 6 कोटी घालून 25 टक्के हिस्सा, म्हणजे पैसा आत आल्यावर साऱ्या कारखान्याची किंमत 24 कोटी धरली. नफा दीड कोटी. म्हणजे नफ्याच्या सोळापट किंमत. भाच्याला हे ऐकून गुदगुल्या झाल्या होत्या, आणि ते स्वाभाविक होते. पण निधीला दरसाल 25 टक्के वाढ हवी असेल तर पाच वर्षांत 6 कोटींचे 18 कोटी 30 लाख झाले पाहिजेत. ही रक्कम 25 टक्के हिश्श्याची किंमत असायची तर कारखान्याची किंमत 73 कोटींच्या घरात गेली पाहिजे. सोळापटीचेच माप लावले तर नफा दीड कोटीवरून 4 कोटी 60 लाखांवर न्यावा लागेल. पाच वर्षांत तिप्पट! मी भाच्याला विचारले, "गेल्या पाच वर्षांत तुझा नफा किती पट झाला?" तो म्हणाला, "दीडपट; आणि त्यातच माझे केस पांढरे झाले."

आता बँकेकडून तेच 6 कोटी 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर काय होईल? महिन्याचा हप्ता सुमारे 13 लाख. पाच वर्षांत एकूण 7 कोटी 83 लाख फेडावे लागतील. 18 कोटींच्या मानाने हे पुष्कळच स्वस्त दिसते. परंतु दीड कोटी नफ्याचा महिन्याचा वाटा होतो साडेबारा लाख. म्हणजे नवे यंत्र कमावू लागण्यापूर्वी सारा नफा हप्त्यातच जाणार. एका मोसमात बटाटा महागला किंवा तेलाचा भाव चढला की हप्ता थकला, आणि जमीन, घर, बहिणीचे दागिने सारे तारणात. बँक नफा वाटून मागत नाही, पण तोटाही वाटून घेत नाही. निधी तोटा वाटून घेतो, म्हणून नफा मोठा मागतो. ह्यात कोणी लुच्चा आणि कोणी साधू असे नाही. धोका कोणाच्या अंगावर आहे, त्याची ही किंमत आहे.

आपल्याकडचे छोटे उद्योग ह्या कात्रीत नेहमीच सापडतात. कायद्याने, 1 एप्रिल 2025 पासून, यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 25 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत असलेला उद्योग 'लघु', तर 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंतचा 'मध्यम' गणला जातो. 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मोठ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा नियम आहे. तो पाळला जातोच असे नाही, हे उद्यमबागेत कोणालाही विचारावे. घरचे भांडवल संपलेले, बँकेला तारण हवे आणि येणी अडकलेली. म्हणूनच केंद्र सरकारने 2020 साली अशा उद्योगांत भागभांडवल घालणाऱ्या निधींना पैसा पुरविण्यासाठी 10,000 कोटींची योजना जाहीर केली. भांडवलाची भूक खरी आहे, हे सरकारनेही मानले आहे.

इंदूरचेच एक उदाहरण

सिमरोलच्या नाक्यावरच्या कोणत्याही टपरीत पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. त्यात 'यलो डायमंड' नावाच्या पिवळ्या पुड्या हटकून दिसतात. लहान मुले त्यातल्या 'रिंग्ज'साठी हट्ट धरतात. ही इंदूरचीच निपज. अमित कुमट, अपूर्व कुमट आणि अरविंद मेहता ह्यांनी 2003 च्या सुमारास हा व्यवसाय सुरू केला. आज तो 'प्रताप स्नॅक्स' ह्या नावाने ओळखला जातो आणि त्याचे मुख्य ठाणे इंदूरच्या नेमावर रस्त्यावर आहे.

2011 साली सिक्वोया ह्या निधीने त्यात पैसा घातला. पुढे कारखाने वाढले. इंदूरपासून दूर गुवाहाटीलाही उत्पादन सुरू झाले. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने 938 रुपये भावाने शेअर लोकांना विकले. त्यातून गोळा झालेल्या सुमारे 482 कोटींपैकी 200 कोटी कंपनीच्या तिजोरीत आले आणि उरलेले सुमारे 282 कोटी, आपले शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांकडे गेले. 2018 साली कंपनीने राजकोटची 'अवध स्नॅक्स' ही कंपनी, तिचा 80 टक्के हिस्सा 148 कोटींना घेऊन, आपल्या छत्राखाली आणली. नमकीनच्या व्यवसायात मालकाच्या नुसत्या जिद्दीवर इतक्या थोड्या वर्षांत हा पल्ला गाठणे अवघड आहे. त्यामागे बाहेरच्या भांडवलाचे बळ होते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण गोष्ट तेथे संपत नाही. सिक्वोयाच्या भारतातील शाखेने 2023 मध्ये 'पीक फिफ्टीन' असे नाव घेतले आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिने प्रताप स्नॅक्समधला आपला सुमारे 47 टक्के हिस्सा ऑथम इन्व्हेस्टमेंट ही कंपनी आणि माही मधुसूदन केला ह्यांना 746 रुपये भावाने, सुमारे 847 कोटींना विकण्याचा करार केला. तेरा वर्षांनी का होईना, मुदतीचा भागीदार गेला. आणि जाताना त्याचा हिस्सा कोणाकडे गेला? मुंबईच्या दुसऱ्या गुंतवणूकदारांकडे. संस्थापकांचा स्वतःचा हिस्सा त्या मानाने लहान होता. कंपनी कोणाच्या हाती जावी ह्याचा निर्णय मोठा हिस्सा ज्याच्याकडे, त्याच्या विक्रीने होतो, हा त्यातला धडा.

आणखी एक बारकावा पाहा. 2017 साली ज्या सामान्य माणसाने 938 ला शेअर घेतला, त्याच्या दृष्टीने सात वर्षांनी झालेला 746 चा व्यवहार म्हणजे, मधला लाभांश सोडल्यास, शेअरमागे 192 रुपयांची घट. खाजगी भांडवलाचा फायदा कोणाला झाला, हा प्रश्न विचारताना कोण कधी आत शिरला हे आधी पाहावे लागते.

जाण्याच्या वाटा

मुदतीच्या भागीदाराला बाहेर पडायला चार वाटा असतात : शेअरबाजारात विक्री, मोठ्या कंपनीला सारा व्यवसाय विकणे, दुसऱ्या निधीला हिस्सा देणे, किंवा मालकानेच हिस्सा परत घेणे. आपल्या दोन्ही भाषांच्या मुलखातली उदाहरणे घेतली म्हणजे हे स्पष्ट होईल.

पहिली वाट नाशिकच्या 'सुला'ची. ह्या द्राक्षमद्य बनविणाऱ्या कंपनीचे शेअर डिसेंबर 2022 मध्ये बाजारात आले. सुमारे 960 कोटींची ती विक्री संपूर्णपणे जुन्या भागधारकांच्या शेअरांची होती. कंपनीला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. वृत्तपत्रात 'अमुक कंपनीने इतके कोटी उभारले' असे वाचताना ते कोणी कोणासाठी उभारले हे पाहण्याची सवय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

दुसरी वाट श्रीरामपूरच्या 'प्रभात डेअरी'ची. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात निर्मळ कुटुंबाने 1998 पासून वाढविलेल्या ह्या दूध-उद्योगात 2012 साली बाहेरच्या निधींनी भांडवल घातले. 2015 साली कंपनी शेअरबाजारात आली आणि 2019 च्या जानेवारीत तिने आपला दूध-व्यवसाय लॅक्टॅलिस ह्या फ्रेंच कंपनीला 1,700 कोटींना विकण्याचे जाहीर केले. शेतकऱ्याला दुधाचा गिऱ्हाईक मिळत राहिला, कारखाना चालू राहिला, पण मालकी श्रीरामपुरातून फ्रान्सला गेली. कर्नाटकातल्या 'एमटीआर'ची कथाही त्याच अंगाने जाते. बंगळूरच्या उपाहारगृहाच्या नावलौकिकावर उभ्या राहिलेल्या ह्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत गुंतवणूक-निधींचा हिस्सा होता. 2007 साली नॉर्वेच्या ऑर्क्लाने ती घेतली. पुडीवरचे नाव मात्र एमटीआरच राहिले. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे : नाव बहुधा राहते, कारण नावालाच किंमत असते. 'आपले' राहते की नाही, हा प्रश्न निराळा.

चौथी वाट, म्हणजे मालकाने हिस्सा परत घेणे, ही सर्वांत अवघड. निधीचे पैसे तर कारखान्याच्या यंत्रात आणि मालात अडकलेले. ते वाढीव किमतीने परत करायचे तर मालकाला नवे कर्ज काढावे लागते. 2019 साली 'कॉफी डे'चे व्ही. जी. सिद्धार्थ ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावे जे पत्र प्रसिद्ध झाले, त्यात एका निधीकडून शेअर परत घेण्यासाठी येणाऱ्या दडपणाचा उल्लेख होता. पुढे 2020 मधील चौकशी-अहवालाने असा तगादा ह्या व्यवसायाच्या नेहमीच्या रीतीत बसणारा मानला. ती कंपनी लहान नव्हती आणि तिच्यावर इतरही कर्जे होती. तेव्हा साऱ्याचे खापर एका कलमावर फोडणे अन्यायाचे होईल. तरी 'नेहमीची रीत' हीच लहान मालकाला किती जड जाऊ शकते, ह्याचा विचार सहीपूर्वी करावा.

मसुद्यातली बारीक अक्षरे

25 टक्के हिस्सा म्हणजे चौथा भाग, उरलेले 75 टक्के आपले, तेव्हा सत्ता आपलीच, असा माझा भाचा समजत होता. मसुदा वाचल्यावर तसे दिसेना. तीन कलमे विशेष पाहण्यासारखी होती.

पहिले, संमतीचे कलम. नवे कर्ज, नवा कारखाना, मालकाचा पगार, अधिकाऱ्याची नेमणूक, भावाला केलेली उसनवारी अशा वीस-बावीस बाबी निधीच्या होकाराशिवाय करायच्या नाहीत. मते 25 टक्के, पण नकाराधिकार पूर्ण.

दुसरे, आधी उचलण्याचे कलम. कारखाना पुढे विकला गेला तर निधीने आपले 6 कोटी आधी घ्यायचे. समजा, दिवस वाईट आले आणि कारखाना 10 कोटींनाच गेला. हिश्श्याप्रमाणे निधीचे अडीच कोटी व्हायला हवेत. ह्या कलमाने त्याला 6 कोटी आणि साऱ्या कुटुंबाला 4 कोटी. त्यातही काही मसुद्यांत 6 कोटी घेऊन झाल्यावर उरलेल्या चारातलाही चौथा भाग निधीला द्यावा असे असते. मग कुटुंबाच्या हाती 3 कोटी येतात. हिस्सा 75 टक्के आणि हाती पडले 30 टक्के.

तिसरे, सोबत ओढून नेण्याचे कलम. ठरल्या मुदतीत शेअरबाजाराची वाट उघडली नाही तर निधीला गिऱ्हाईक शोधण्याचा हक्क, आणि त्या गिऱ्हाइकाला सारा कारखाना हवा असेल तर मालकानेही आपले शेअर त्याच भावाने विकले पाहिजेत. बहिणीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर ह्या कलमात होते. ते मी तिला समजावून सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

कारखान्याच्या आत काय बदलते?

हा पैसा म्हणजे नुसते संकट, असेही मी म्हणणार नाही. अशा पैशाबरोबर शिस्त येते. कुटुंबाचा खर्च आणि कारखान्याचा खर्च एका चोपडीत लिहिण्याची आपली जुनी खोड सुटते. महिन्याच्या महिन्याला ताळेबंद लागतो. कच्च्या चिठ्ठीवरची खरेदी बंद होते. भविष्यनिर्वाह निधी, जीएसटी, अन्नसुरक्षेचे परवाने हे सारे वेळेवर होते, कारण उद्याचा खरेदीदार प्रत्येक कागद तपासणार असतो. कामगाराला त्याचा लाभ होतो. मालक आजारी पडला तरी कारखाना चालेल अशी घडी बसते. भाच्याने निधीवाल्यांना दाखविण्यासाठी म्हणून प्रथमच पुडीपुडीचा खर्च काढला, तेव्हा त्याला कळले की आपली सर्वांत खपाऊ शेव तोट्यात जाते आहे! एवढे कळले तरी त्या वाटाघाटींचे सार्थक झाले असे तो म्हणतो.

दुसरी बाजूही आहे. घाईने वाढायचे म्हणून जुना पुरवठादार सुटतो. आजवर ज्या शेतकऱ्याचा बटाटा भाव पडला तरी उचलला, त्याच्याऐवजी जो स्वस्त देईल त्याचा घ्यावा लागतो. कायम कामगाराऐवजी कंत्राटी माणूस बरा वाटू लागतो. शिवाय ज्यांच्या वाट्याला हा पैसा कधीच येत नाही, त्या गल्लीतल्या नमकीनवाल्याच्या दारात पाच रुपयांची पुडी तोटा सोसूनही पोचविण्याची ताकद प्रतिस्पर्ध्याला मिळते. हा परिणाम कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

नोकऱ्यांचे काय होते? स्टीव्हन डेव्हिस, जॉन हाल्टिवांगर आदी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील 1980 ते 2013 ह्या काळातील अशा हजारो खरेद्या अभ्यासल्या. शेअरबाजारातल्या कंपन्या निधींनी घेतल्या तेथे दोन वर्षांत नोकऱ्या सुमारे 13 टक्क्यांनी घटल्या. खाजगी मालकीच्या कंपन्या घेतल्या तेथे त्या तितक्याच टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा 'निधी आला म्हणजे कामगार गेला' हे सूत्र सरसकट खरे नाही. मोठ्या सुस्तावलेल्या कंपनीत काटछाट होते, भांडवलाला भुकेल्या लहान कंपनीत वाढ होते. अमेरिकेत बदनामी झाली ती विशेषतः कर्ज काढून केलेल्या खरेद्यांमुळे. 'टॉइज आर अस' ही खेळण्यांची प्रचंड दुकानदारी 2005 साली निधींनी घेतली, त्या खरेदीचे कर्ज तिच्याच डोक्यावर बसले, 2017 मध्ये दिवाळखोरी आली आणि 2018 मध्ये तिकडची दुकाने बंद झाली. भारतात शेअर खरेदीसाठी कर्ज देण्यावर बँकांना दीर्घकाळ निर्बंध होते. त्यामुळे हा रोग आपल्याकडे तितका पसरला नाही. येथे पैसा बहुधा अल्प हिश्श्यासाठी, वाढीसाठी येतो.

मधला मार्ग

पैसा घ्यावा आणि दोरीही हातात ठेवावी, असे काही करता येते काय? नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'ने तसा प्रयत्न केला आहे. विलास शिंदे ह्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी. उत्पादक कंपनीचे शेअर कायद्याने उत्पादकांखेरीज इतरांना देता येत नाहीत. म्हणून तिने पीक काढल्यानंतरच्या प्रक्रियेसाठी निराळी कंपनी काढली आणि 2022 साली त्या कंपनीत इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को ह्या चार परदेशी संस्थांकडून 310 कोटी घेतले. शेतकऱ्यांची मूळ कंपनी आपल्या जागी राहिली. पैशाला घरात घेण्यापूर्वी त्याच्यासाठी वेगळी ओसरी बांधली, असे म्हणता येईल. प्रत्येक छोट्या कारखानदाराला हे जमेल असे नाही, पण विचार करण्याची दिशा त्यातून मिळते.

भाच्याने काय केले, हे सांगून संपवितो. त्याने मसुद्यात तीन बदल मागितले. आधी उचलण्याचे कलम निधीने सौम्य केले. संमतीच्या बाबी बावीसवरून बारावर आणल्या. सोबत ओढून नेण्याचे कलम मात्र काढायला ते तयार झाले नाहीत. त्यांचा प्रतिनिधी सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "आम्हालाही वर कोणाला तरी तारखेला पैसे परत करायचे असतात." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भाच्याने शेवटी सही केली नाही. बँकेकडून 2 कोटी घेतले, एकच तळणयंत्र बसविले आणि दुसरे पुढे ढकलले. महिन्याचा हप्ता 4 लाख 35 हजार. तो निघतो, पण गोदाम अजून भाड्याचेच आहे आणि मोठ्या दुकानांच्या साखळीकडून आलेली मागणी त्याला सोडून द्यावी लागली. त्याने चूक केली असे त्याचा धाकटा भाऊ उघड म्हणतो. चुकले असेलही. आपल्या मालकीची किंमत त्याने न मिळालेल्या वाढीने मोजली, एवढे मात्र त्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणे मला महत्त्वाचे वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या घरी असा मसुदा आला तर 'किती कोटी देता?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी तीन प्रश्न विचारा : तुम्ही कधी जाणार? जाताना कोणत्या वाटेने जाणार? आणि त्या दिवशी आम्ही कोठे असणार? ज्याला पाच-सहा वर्षांत झपाट्याने वाढून व्यवसाय दुसऱ्याच्या हाती द्यायचा आहे, त्याला हा भागीदार वरदान आहे. ज्याला तो नातवंडांसाठी ठेवायचा आहे, त्याने घरची शिल्लक, बँक आणि सबुरी ह्यांवरच भिस्त ठेवलेली बरी. दोन्ही इच्छा एकाच कागदावर सही करून पुऱ्या होत नाहीत.

निघताना बहिणीने शेवेच्या चार पुड्या पिशवीत घातल्या. पुडीवर तिच्या सासऱ्यांचे नाव आहे. खर्चाचा हिशेब लागल्यापासून त्या शेवेचा भाव दोन रुपयांनी वाढला आहे, पण खप कमी झालेला नाही.